आधी मनगट, मग घड्याळ

"मामा, बाबांच्या साठीला चांगलंसं घड्याळ घ्यायचंय, कुठलं घेऊ?" असं विचारलंस आणि त्याच दमात किती पैसे घालणार तेही सांगून मोकळी झालीस. पस्तीस वर्षं साताऱ्यात डोळ्याला भिंग लावून बसलो, आणि हा प्रश्न कायम याच क्रमानं ऐकला. आधी पैसे, मग कंपनी, मग दुकान. घड्याळ कुणाच्या मनगटावर चढणार, हे विचारायची वेळ माझ्यावर यायची. फोनवर सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. जपून ठेव, तुझ्या मुलाच्या अठराव्या वाढदिवसालाही उपयोगी पडेल.

माझ्या टेबलावर भेटीची घड्याळं आली की लगेच ओळखू यायची. मखमली डबा कोरा, चेनवरचं प्लास्टिक तसंच, डबा उघडला की आतला सेल फुटून हिरवट पाणी मशीनवर पसरलेलं. निवृत्तीला मिळालेलं, पन्नाशीला मिळालेलं, मुलानं पहिल्या पगारात घेतलेलं. 'चांगलं आहे म्हणून जपून ठेवलंय' असं गिऱ्हाईक अभिमानानं सांगायचं. न वापरता ठेवलेलं सेलचं घड्याळ वापरलेल्यापेक्षा लवकर मरतं, कारण बंद पडलेला सेल कुणी काढत नाही. तेव्हा तुझी खरी काळजी दाजी ते घड्याळ दुसऱ्या आठवड्यातही घालतील का, ही हवी. दुकानातलं काचेचं कपाट झगमगतं, तिथं हे कळत नाही. ते घरी कळतं.

म्हणून पहिलं काम घरचं. दाजी आंघोळीला गेले की त्यांचं रोजचं घड्याळ हातात घे. पट्ट्याला सहा-सात भोकं असतात, त्यातलं एकच ताणून लांबट झालेलं दिसेल आणि तिथं चामड्यावर आडवी घडी पडलेली असेल. तेच त्यांचं माप. पट्टा सरळ करून बक्कलपासून त्या भोकापर्यंत, मधल्या डायलसकट, दोरा धर आणि गाठ मार. दुसरा दोरा घे तो डायलवरून उभा, पट्टा अडकवायच्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंत. दुकानदार डायलची रुंदी सांगतो, ३८ मिलिमीटर, ४२ मिलिमीटर, पण घड्याळ मनगटावर बसतं ते या उभ्या मापानं. कानांची टोकं मनगटाच्या कडेबाहेर गेली की घड्याळ बशी ठेवल्यासारखं दिसतं आणि सदऱ्याच्या बाहीत अडकतं. आपल्याकडच्या साठीच्या बहुतेक पुरुषांना ३५ ते ३८ पुरेसं होतं. हल्लीची ताटं २५ वर्षांच्या पोरांसाठी आहेत, आणि त्यांनाही शोभतात असं माझं मत नाही.

दुसरं, डोळे. साठीला चष्मा लागतोच, पण वेळ बघायला कुणी चष्मा शोधत नाही. पांढरी किंवा फिकट डायल, काळे ठसठशीत काटे, पूर्ण बारा आकडे. चांदीच्या डायलवर चांदीचे काटे दुकानातल्या दिव्यात काय चमकतात! घरी ट्यूबलाइटखाली त्यातला एकही दिसत नाही. डायलमध्ये तीन छोट्या डायल असलेलं क्रोनोग्राफ तर घेऊच नकोस. दाजींना काही घोड्यांच्या शर्यतीची वेळ मोजायची नाही. दुकानातून घड्याळ हातात घेऊन रस्त्यावरच्या उजेडात ये, तुझ्या आईचा चष्मा काढून तिच्यापुढे हातभर अंतरावर धर आणि विचार, किती वाजले. पटकन सांगितलं नाही तर ते घड्याळ परत. सेकंदकाटा मात्र हवाच. जन्मभर एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभा राहिलेला माणूस, पाच-पंचेचाळीसची गाडी पाच-शेहेचाळीसला सुटली तर रजिस्टरात लिहिणारा. त्याला दोन काट्यांचं घड्याळ म्हणजे मीठ नसलेली आमटी.

आता आतलं मशीन. इथं लोक फार गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर.

सेलच्या घड्याळात, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, स्फटिकाचा एक चिमुकला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट त्या आकड्याला निम्मं, परत निम्मं, असं पंधरा वेळा करतं आणि शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. म्हणून त्याचा काटा टक-टक उड्या मारतो. महिनाभरात पंधरा-वीस सेकंद इकडंतिकडं, बस्स. जपानच्या सिकोनं १९६९ च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं तेव्हा ते मोटारीच्या किमतीचं होतं. पुढं तेच इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडचे कारखाने पटापट बंद पडले. आपल्याकडे टाटांनी तामिळनाडू सरकारच्या महामंडळाबरोबर १९८४ मध्ये टायटन काढली, होसूरला कारखाना टाकला आणि क्वार्ट्झवरच डाव लावला. तेव्हा आमच्यासारख्या घड्याळजींनी नाकं मुरडली होती. माझं नाक चुकलं, हे मी आता कबूल करतो. त्यांचं एज नावाचं घड्याळ २००२ मध्ये आलं, साडेतीन मिलिमीटर जाडीचं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी चिमटा बाजूला ठेवून नुसतं बघत बसलो.

चावीच्या घड्याळात स्प्रिंग असते. चावी दिली की ती आवळते, आणि सुटताना गरगर सुटू नये म्हणून चक्राच्या दातात एक छोटी फाळ येऊन तिला अडवते, सोडते, अडवते, सोडते. टिकटिक म्हणतात ती हीच. जुन्या एचएमटीत सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. इतकं करून ते दिवसाला वीस सेकंद पुढंमागं झालं तर लोक माझ्याशी भांडायला यायचे! दिवसाच्या ८६,४०० सेकंदांतले वीस. घरातला कुठला माणूस इतका चोख वागतो?

आणि ते 'सतरा ज्वेल्स'. डायलवर सतरा ज्वेल्स लिहिलेलं असतं ते दागिन्यांचं नाही. चक्रांच्या आसांची टोकं झिजू नयेत म्हणून ती बारीक माणकांच्या भोकांत फिरतात. माणकं कृत्रिम, शंभराहून जास्त वर्षं कारखान्यातच बनतात, विकायला गेलीस तर चहाचेही पैसे यायचे नाहीत. तरी कितीतरी म्हातारी माणसं घड्याळ उघडताना माझ्या हातावर नजर रोखून बसायची, मी खडे काढून घेईन म्हणून. एक आजोबा तर दुरुस्तीनंतर म्हणाले, मोजून दाखव. मी दाखवली. त्यांना भिंगातून काही दिसलं नाही, पण समाधान झालं.

तिसरा प्रकार ऑटोमॅटिक. आत अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आवळतं. कॉलेजच्या पोराला, फिरतीच्या नोकरीवाल्याला उत्तम. पण निवृत्त माणूस सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पारावर. हात हलतो तो चहाच्या कपापुरता. ते घड्याळ दोन दिवसांनी थांबणार आणि दाजी म्हणणार, पोरीनं बिघडलेलं आणलं. त्यात जुन्या सिको फाइव्हमधल्या ७एस२६ मशीनला हातानं चावी देताच येत नाही, थांबलं की झुलवत बसायचं. पुढच्या ४आर३६ मध्ये ती सोय आली. ऑटोमॅटिकच घ्यायचं ठरलं तर दुकानदाराला एवढं एकच विचार: हातानं चावी बसते का?

माझा कल दाजींसाठी चावीच्या घड्याळाकडे आहे. का, ते ऐक. दुपारच्या बातम्यांआधी रेडिओवर पिप-पिप व्हायचं तेव्हा दाजी मनगट वर करून सेकंदकाटा जुळवायचे, हे तू लहानपणी पाहिलंयस. त्या माणसाला रोज काहीतरी जुळवायला हवं. न चुकणारं घड्याळ त्याच्या हाती दिलंस तर त्याचं काम काढून घेतल्यासारखं होईल. सकाळी दूध तापेपर्यंत वीस-पंचवीस वळणं चावी द्यायची, अडलं की थांबायचं, जोर करायचा नाही. आणि हातातून काढून द्यायची. मनगटावर असतानाच चावी दिली की बटण तिरकं ओढलं जातं आणि आतली काडी झिजते. पण बोटं दुखत असतील, सकाळी मूठ वळत नसेल, तर हे सगळं विसर आणि सरळ सेलचं घे. आईला गुपचूप विचार, लोणच्याच्या बरणीचं झाकण कोण उघडतं म्हणून.

चावीचं म्हटलं की सगळ्यांना एचएमटी आठवते. बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये ती सुरू झाली, पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर. लग्नात जावयाला कांचन पाहिजे म्हणून अडून बसलेले वरबाप मी पाहिलेत. सरकारनं २०१६ मध्ये घड्याळांची ती कंपनी बंद करायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो एचएमटी शोधू लागला. तिथंच फसवणूक सुरू झाली. ऑनलाइन अगदी स्वस्तात निळ्या, लाल, पोपटी डायलची 'नवी कोरी जुनी एचएमटी' दिसते ना, ती बहुतेक वेळा तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलेली असते. डायलवर नवा रंग मारून अक्षरं छापलेली. भिंगातून बघ: अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा आकड्यांना न मिळणाऱ्या, डायलवर पायलट आणि मागच्या झाकणावर भलतंच. कौतुक म्हणून घ्यायला हरकत नाही, पण साठीची भेट म्हणून नको. खरी हवी असेल तर मागचं झाकण उघडून दाखवणाऱ्याकडूनच घे. उघडायला कां-कूं केली की उठ.

पाण्याबद्दल एक भ्रम काढून टाक. मागे '३० मीटर' लिहिलंय म्हणून कुणी तीस मीटर बुडी मारायची नसते. त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे चालतील, एवढाच. नदीत, तलावात पोहणाऱ्याला १०० मीटरचं बघावं. आणि गिझरच्या गरम पाण्यात कुठलंच नाही, रबराची कडी सैल पडते आणि वाफ आत शिरते. आपल्याकडच्या पावसात काचेच्या आत धुकं धरलं तर तांदळात पुरू नये, उन्हात ठेवू नये, त्याच दिवशी उघडून घ्यावं. एका रात्रीत काट्यांना गंज चढतो.

पट्टा लहान गोष्ट वाटते, पण घड्याळ कपाटात जातं ते बहुतेक पट्ट्यामुळं. दाजींना घाम फार येतो. चामडं दिसतं छान, पण मे महिन्यात त्याला वास सुटतो आणि वर्षात तुटतं. चेन घेतलीस तर दुकानातच कड्या काढून माप करून घे, आणि काढलेल्या कड्या डब्यात ठेव. या कड्या हरवलेली किती माणसं मी पाहिली! वजन वाढलं की चेन आवळते, कड्या मिळत नाहीत, घड्याळ सुटतं. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर असावी, म्हणजे कुठल्याही गावात दुसरा पट्टा मिळतो. केसमध्येच घडवलेली चेन असते ती नको, ती फक्त कंपनीकडे मिळते आणि कंपनी ते मॉडेल बंद करते. पिवळ्या मुलाम्याचं तुझ्या आईला आवडेल, पण घामाच्या मनगटावर कडेचा मुलामा आधी उडतो. साधं स्टील घे.

पैशांचं एवढंच सांगतो, ठरवलेल्यातून थोडे बाजूला काढ. चावीच्या घड्याळाला चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं: पूर्ण खोलायचं, धुवायचं, ताजं तेल घालायचं. कुठल्याही परदेशी नावावर जीव जडला तर आधी विचार, हे पुण्यात-साताऱ्यात कोण उघडतो? दुबईहून तुझा आतेभाऊ आणून देईल म्हणतेस ते ठीक, पण वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि घड्याळाचा नंबर भरूनच आणायला सांग. कोरं कार्ड म्हणजे रद्दी. सेलचं घेतलंस तर दुकानदाराला समोर नवा सेल घालायला लाव, आधीचा वर्षभर कपाटात चालून अर्धा झालेला असतो.

तारखेचं घड्याळ असेल तर दाजींना एक गोष्ट तोंडपाठ करायला लाव: रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बटणानं तारीख बदलायची नाही. त्या वेळी आतलं चक्र तारखेच्या दातात अडकलेलं असतं, ओढाताण केली की दात मोडतो. तू देताना असं लाव: काटे पुढं फिरवत राहा, तारीख पडली की समज रात्रीचे बारा झाले. तिथून सहापर्यंत आण, मग तारीख जुळव, मग वेळ. नाहीतर भर दुपारी तारीख बदलेल आणि कंट्रोलरसाहेब रजिस्टर काढतील.

मागच्या झाकणावर काही कोरायचं म्हणालीस. हो, पण मनगटावर चढवून माप पक्कं झाल्यावर. कोरलेलं घड्याळ कुणी परत घेत नाही. 'हॅपी बर्थडे' वगैरे नको. मला एक सुचलंय. दाजींचा जन्म शके १८८७ मधला, श्रावणातला. ते विश्वावसु संवत्सर. साठ संवत्सरांचा फेरा पुरा होऊन यंदा शके १९४७ ला परत विश्वावसुच आलंय. साठीशांतीत गुरुजी संकल्पात हे नाव घेतील. मिनिटकाटा साठ घरं फिरून बारावर येतो तसंच हे. झाकणावर फक्त 'विश्वावसु' आणि दोन शके कोर, दुसरं काही नको. तारीख घालायची की तिथी, हा तुझ्या आईबाबांचा वादही आपोआप मिटेल. पुढल्या वर्षी साठी असलेल्यांचं मात्र कठीण आहे. पुढच्या संवत्सराचं नाव पराभव. कोणता मुलगा बापाच्या घड्याळावर ते कोरेल?

आता शेवटचं, जे खरं तर पहिलं सांगायला हवं होतं. तुझ्या आजोबांची जनता, चावीची, दाजींच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात रुमालात गुंडाळलेली आहे. तुझ्या आईच्या लग्नात मी ती तुझ्या आजोबांच्या हातावर पाहिली होती, आणि पुढं एकदा सर्व्हिसिंगही केली होती. ते गेल्यावर दाजींनी ती घातली नाही आणि टाकलीही नाही. डायल पिवळसर पडली असेल, पडू दे. नवीन रंगवून घे असं कुणी म्हटलं तर त्याच्या हाती घड्याळ देऊ नकोस. डायल जुनी राहू दे, मशीन धुऊन तेलावर आणू, काच नवी बसवू, पट्टा दाजींच्या मापाचा. काच प्लास्टिकची असते, चरे पडले तरी टूथपेस्टनं घासून निघतात. मशीनचे सुटे भाग माझ्या जुन्या डब्यात अजून आहेत. स्प्रिंग तुटली असेल तर महिना लागेल, म्हणून आत्ताच हलायला हवं.

ते चाललं तर नवं घ्यायचं की नाही ते मग ठरवू. मी आधी ते उघडून बघतो. अठरा मिलिमीटरचा पट्टा आणायला तुला पुण्यातच सांगितलं असतं, पण कानाचं माप हाती आल्याशिवाय नको.

तर रविवारी येताना दोन्ही दोरे आण, गाठी पक्क्या मार. आणि रुमालासकट ते घड्याळ. दाजींनी विचारलं तर सांग, मामाला जुना रेडिओ दाखवायचाय. कपाटाची किल्ली तुझी आई देव्हाऱ्यामागं ठेवते.